‘इंटरेस्ट’च्या पुढे ‘इन’, ‘ऑन’ की ‘टू’?

या वेळच्या पत्रांमध्ये एकाच इंग्रजी नामाबद्दल इतके प्रश्न आले की बाकीची पत्रं बाजूला ठेवून हे सगळं सदर मी त्या नामाला दिलं आहे. कर्जाचे करार, मृत्युपत्रं आणि विम्याचे कागद इंग्रजीतून मराठीत आणणं हा माझा व्यवसाय. ‘इंटरेस्ट’ हा शब्द माझ्या टेबलावर जवळजवळ रोज येतो आणि एकाच कागदावर दोन-तीन वेगळ्या अर्थांनी येतो. त्यामुळे ही पत्रं वाचताना मला फार आनंद झाला.

प्रश्न : मी बारावीत आहे. निबंधात मी ‘आय हॅव इंटरेस्ट टू लर्न म्युझिक’ असं लिहिलं होतं. बाईंनी ‘टू लर्न’ खोडून ‘इन लर्निंग’ केलं आणि ‘इंटरेस्ट’च्या आधी ‘ॲन’ घातलं. पण दुसऱ्या एका उताऱ्यात मला ‘इट इज इन युअर इंटरेस्ट टू लर्न अनदर लँग्वेज’ असं वाक्य दिसलं. तिथे ‘टू’ कसं चाललं?

उत्तर : तुझ्या बाईंनी केलेला बदल बरोबर आहे आणि उताऱ्यातलं वाक्यही बरोबर आहे. दोन्हीकडे ‘इंटरेस्ट’ आहे, पण अर्थ निराळे आहेत आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या अर्थांमध्येच आहे.

दोन्ही वाक्यं आधी मराठीत म्हणून बघ. ‘मला संगीत शिकण्यात रस आहे.’ ‘दुसरी भाषा शिकणं तुझ्या हिताचं आहे.’ पहिल्या वाक्यात रस आहे, दुसऱ्यात हित. रस, गोडी, स्वारस्य, कुतूहल या अर्थाचं ‘इंटरेस्ट’ असलं की त्याच्या पुढे ‘इन’ येतं. इथे मराठी तुझ्या मदतीला येते, कारण आपणही ‘संगीतात रस’, ‘शिकण्यात गोडी’ असंच म्हणतो. तो ‘-त’ आणि इंग्रजीतलं ‘इन’ एकच काम करतात. ‘इन’च्या मागोमाग क्रियापद आणायचं असेल तर ते नामासारखं करून आणावं लागतं, म्हणून ‘लर्न’चं ‘लर्निंग’ झालं. मराठीतही ‘शिक’ या धातूचं ‘शिकणं’ केल्याशिवाय त्याला ‘-त’ लागत नाही.

आता दुसरं वाक्य. तिथलं ‘टू लर्न’ ‘इंटरेस्ट’शी जोडलेलंच नाही. ‘इन युअर इंटरेस्ट’ हा पूर्ण झालेला शब्दसमूह आहे, अर्थ ‘तुझ्या हिताचं’. वाक्याचा खरा कर्ता ‘टू लर्न अनदर लँग्वेज’ हा आहे. तो लांबलचक असल्यामुळे इंग्रजीने त्याला शेवटी पाठवलं आणि त्याची जागा अडवायला सुरुवातीला ‘इट’ बसवलं. पटत नसेल तर वाक्य उलटं करून बघ : ‘टू लर्न अनदर लँग्वेज इज इन युअर इंटरेस्ट.’ जरा अवघडलेलं वाटतं, पण उभं राहतं. तुझं वाक्य असं उलटं केलं तर लगेच मोडतं.

प्रीपोझिशनच्या याद्या पाठ करणाऱ्या मुलांबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. ‘इंटरेस्ट’पुढे ‘इन’ असं पाठ केलं की पुढच्याच पानावर ‘इंटरेस्ट ऑन’ भेटतं आणि मूल गोंधळतं. प्रीपोझिशन ठरतं ते नामाच्या त्या वेळच्या अर्थावरून. म्हणून आधी स्वतःला विचारायचं : इथे मी मराठीत काय म्हटलं असतं? रस, व्याज, हित की हक्क? हे उत्तर मिळालं की प्रीपोझिशनचा प्रश्न बहुतेक वेळा सुटलेला असतो.

प्रश्न : मी एका संस्थेत हिशेब सांभाळतो. पत्रव्यवहारात ‘इंटरेस्ट ऑफ लोन’ लिहावं की ‘इंटरेस्ट ऑन लोन’? टक्केवारीच्या आधी ‘ॲट’ की ‘ऑफ’? आणि बरीच कर्जं असतील तर ‘इंटरेस्ट्स’ चालेल का?

उत्तर : कर्जावर व्याज, ठेवीवर व्याज, थकबाकीवर व्याज. मराठीतला ‘-वर’ इथे थेट ‘ऑन’ होतो : ‘इंटरेस्ट ऑन द लोन’, ‘इंटरेस्ट ऑन द डिपॉझिट’. ‘इंटरेस्ट ऑफ लोन’ लिहू नका.

दर सांगताना ‘ॲट’ : ‘इंटरेस्ट ॲट एट पर्सेंट’. वाक्यात ‘रेट’ हा शब्द आला की त्याच्यामागे ‘ऑफ’ : ‘ॲन इंटरेस्ट रेट ऑफ एट पर्सेंट’. म्हणजे ते ‘ऑफ’ दराचं आहे, व्याजाचं नाही. दोन्ही एकत्र हवे असतील तर ‘इंटरेस्ट ऑन द लोन ॲट अ रेट ऑफ एट पर्सेंट’.

अनेकवचन मात्र कधीही करू नका. पैशाच्या अर्थाचं ‘इंटरेस्ट’ मोजता येत नाही, कर्जं कितीही असोत. ‘द टोटल इंटरेस्ट ऑन ऑल द लोन्स’ असं लिहा. याच कारणाने त्याच्या आधी ‘ॲन’ही येत नाही, ‘द’ येऊ शकतं. तुम्हाला ‘ॲन इंटरेस्ट रेट’मध्ये ‘ॲन’ दिसेल, पण तेही ‘रेट’चं आहे.

क्रियापदांकडेही लक्ष असू द्या, कारण मराठी तिथे थोडी दिशाभूल करते. आपण व्याज ‘देतो’ म्हणून पुष्कळ जण ‘गिव्ह इंटरेस्ट’ लिहितात. इंग्रजीत व्याज ‘पे’ करतात. सावकार किंवा बँक व्याज आकारते ते ‘चार्ज’, ठेवीदाराला व्याज मिळतं ते ‘अर्न’, आणि खात्यात व्याज साचत जातं ते ‘ॲक्रू’. सरळव्याज ‘सिंपल’, चक्रवाढ व्याज ‘कंपाउंड’, हे तुम्हाला माहीत असेलच.

तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलं आहे की रसाला आणि व्याजाला एकच शब्द कसा. याचं उत्तर द्यायला मला फार आवडेल. लॅटिनमध्ये ‘इंटर’ म्हणजे मध्ये आणि ‘एस्से’ म्हणजे असणं. ‘इंटरएस्से’ म्हणजे मध्ये असणं, आणि त्यावरून फरक पडणं, संबंध असणं. मध्ययुगीन युरोपात चर्चने कर्जावर नफा घ्यायला बंदी केली होती. त्या नफ्याला ‘उसुरा’ म्हणत आणि ते पाप मानलं जाई. पण ऋणकोने पैसे मुदतीत फेडले नाहीत आणि त्यामुळे धनकोचं नुकसान झालं, तर ती भरपाई मागायला मोकळीक होती. पैसे वेळेवर मिळाले असते तर जी स्थिती असती आणि प्रत्यक्षात जी आहे, त्या दोहोंच्या मधलं अंतर म्हणजे ‘इंटरएस्से’. पापाचा शब्द टाळून हा भरपाईचा शब्द हळूहळू सगळ्याच व्याजाला लागू झाला. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीच्या काळात, 1545 साली, दहा टक्क्यांपर्यंत व्याज घ्यायला कायद्याने परवानगी मिळाली. 1552 मध्ये ती काढून घेतली गेली आणि 1571 मध्ये पुन्हा दिली गेली. ‘रस, कुतूहल’ हा आपल्याला आज सर्वांत ओळखीचा वाटणारा अर्थ या शब्दाला खूप उशिरा, अठराव्या शतकात चिकटला. आपला एखाद्या गोष्टीशी संबंध असतो म्हणून आपल्याला तिच्यात रस वाटतो, अशी ही वाट आहे. हिस्सा, हित, व्याज आणि रस हे सगळे अर्थ ‘मध्ये असणं’ या एका मुळातून फुटले आहेत.

‘विथ इंटरेस्ट’ या प्रयोगात हे दोन अर्थ शेजारी-शेजारी दिसतात. ‘आय रेड युअर लेटर विथ इंटरेस्ट’ म्हणजे पत्र आवडीने, लक्ष देऊन वाचलं. ‘शी रिपेड द लोन विथ इंटरेस्ट’ म्हणजे कर्ज व्याजासकट फेडलं. आणि एखाद्याने केलेल्या उपकाराची किंवा अपमानाची दामदुप्पट परतफेड केली तरी ‘विथ इंटरेस्ट’च म्हणतात. आपणही ‘सव्याज परतफेड’ म्हणतो, तंतोतंत त्याच अर्थाने.

प्रश्न : ‘टेक इंटरेस्ट’ बरोबर की ‘टेक ॲन इंटरेस्ट’? ‘ॲन’ कधी घालायचं हे मला कधीच कळत नाही.

उत्तर : ‘टेक ॲन इंटरेस्ट इन’ हा ठरलेला प्रयोग आहे, त्यातलं ‘ॲन’ सोडू नका. रसाच्या अर्थाचं ‘इंटरेस्ट’ तसं मोजता येत नाही, पण एखाद्या विशिष्ट विषयातला रस सांगायचा असेल किंवा त्याला विशेषण लावायचं असेल तर इंग्रजी त्याला ‘अ’ किंवा ‘ॲन’ देते : ‘शी हॅज ॲन इंटरेस्ट इन बर्ड्स’, ‘अ कीन इंटरेस्ट इन ॲस्ट्रॉनॉमी’. उलट ‘शो’, ‘लूज’ आणि ‘एक्स्प्रेस’ ही क्रियापदं आली की पुष्कळदा ‘ॲन’ गळतं : ‘ही लॉस्ट इंटरेस्ट इन द गेम’. ‘नो’ किंवा ‘लिटल’ असेल तर ‘ॲन’ येतच नाही : ‘ही टुक नो इंटरेस्ट इन द गेम’.

आपण रोजच्या मराठीत हा शब्द इतका वापरतो की त्याची मराठी वळणं इंग्रजीत शिरतात. ‘इंटरेस्ट घेतला’, ‘इंटरेस्ट दाखवला’, ‘इंटरेस्ट गेला’ ही तिन्ही वळणं इंग्रजीत जशीच्या तशी जमतात : ‘टेक’, ‘शो’, ‘लूज’. पण ‘मला त्यात इंटरेस्ट आला’ हे जमत नाही. तिथे ‘आय बिकेम इंटरेस्टेड इन इट’ किंवा ‘आय डेव्हलप्ड ॲन इंटरेस्ट इन इट’ म्हणावं लागतं. ‘आय ॲम हॅविंग इंटरेस्ट’ हे वाक्यही खूप पत्रांत दिसलं. रस असणं ही स्थिती आहे, चालू क्रिया नव्हे. म्हणून साधं ‘आय हॅव ॲन इंटरेस्ट’.

छंदांच्या अर्थाने मात्र हा शब्द सरळ मोजता येतो आणि अनेकवचनही घेतो : ‘हर इंटरेस्ट्स आर चेस अँड फोटोग्राफी’.

प्रश्न : नोकरीच्या अर्जात मी ‘आय ॲम व्हेरी इंटरेस्टिंग इन धिस पोस्ट अँड हॅव इंटरेस्ट टुवर्ड्स टीचिंग’ असं लिहिलं आहे. पाठवण्याआधी तपासून द्याल का? मैत्रीण म्हणते ‘इंटरेस्टेड टू’ लिही.

उत्तर : पाठवण्याआधी विचारलंत हे फार चांगलं केलंत, कारण पहिल्या भागात अर्थच बदलला आहे. ‘इंटरेस्टिंग’ म्हणजे दुसऱ्यांच्या मनात रस निर्माण करणारं; ‘इंटरेस्टेड’ म्हणजे ज्याच्या मनात रस निर्माण झाला आहे तो. पुस्तक ‘इंटरेस्टिंग’ असतं, वाचक ‘इंटरेस्टेड’ असतो. तुम्हाला पदात रस आहे, म्हणून ‘इंटरेस्टेड इन’. आणि ‘टुवर्ड्स’ काढून टाका. ते बहुधा ‘अध्यापनाकडे ओढा’ या विचारातून आलं असावं. ओढा ‘कडे’ असतो, रस ‘-त’ असतो.

मैत्रिणीचं ‘इंटरेस्टेड टू’ पूर्ण चूक नाही, पण त्याची जागा ठरलेली आहे. ‘नो’ (म्हणजे जाणणं), ‘हिअर’, ‘सी’, ‘रीड’, ‘लर्न’ अशा, काहीतरी कळण्याच्या क्रियापदांबरोबर ते छान चालतं : ‘आय वुड बी इंटरेस्टेड टू नो युअर ओपिनियन’, ‘आय वॉज इंटरेस्टेड टू हिअर दॅट शी हॅड लेफ्ट’. काहीतरी कळलं किंवा कळावंसं वाटतं, असा तिथे भाव असतो. एखादं काम करण्यातली आवड सांगायची असेल तर ‘इन’च. ‘लर्न’ या क्रियापदात हा फरक मला सर्वांत सुंदर दिसतो. ‘इंटरेस्टेड इन लर्निंग जर्मन’ म्हणजे जर्मन शिकण्याची आवड. ‘इंटरेस्टेड टू लर्न दॅट ही स्पीक्स जर्मन’ म्हणजे त्याला जर्मन येतं हे समजलं आणि कुतूहल वाटलं. तिथे ‘लर्न’ म्हणजे समजणं.

तुमच्या अर्जासाठी एवढं पुरे : ‘आय ॲम इंटरेस्टेड इन धिस पोस्ट अँड हॅव अ लाँग-स्टँडिंग इंटरेस्ट इन टीचिंग’. ‘व्हेरी’ मी मुद्दाम काढलं. अर्जात ते काही सांगत नाही. त्याऐवजी तो रस किती जुना आहे हे सांगितलेलं बरं. शिकवण्याचं एखादं प्रत्यक्ष काम तुम्ही केलं असेल तर ते पुढच्याच वाक्यात लिहा.

प्रश्न : आमच्या कार्यालयात परिपत्रकं इंग्रजीत निघतात. ‘फॉर द इंटरेस्ट ऑफ स्टुडंट्स’ लिहिलं की साहेब ‘इन’ करतात. ‘विद्यार्थ्यांच्या हितासाठी’ म्हणजे ‘फॉर’च ना? शिवाय ‘इंटरेस्ट’ की ‘इंटरेस्ट्स’?

उत्तर : रसाच्या आणि व्याजाच्या वेळी मराठी प्रत्ययाने आपल्याला हात धरून नेलं, पण हिताच्या वेळी तो चुकीच्या दारात नेतो. मराठीत ‘हितासाठी’, इंग्रजीत ‘इन द इंटरेस्ट ऑफ’. साहेबांचा बदल बरोबर आहे. तुम्हाला ‘फॉर’ ठेवायचंच असेल तर नाम बदला : ‘फॉर द बेनिफिट ऑफ स्टुडंट्स’. मला तर परिपत्रकात तेच जास्त आवडेल, ते जास्त मोकळं आहे.

एकवचन की अनेकवचन, याला पक्का नियम नाही. ‘इन द इंटरेस्ट ऑफ’ आणि ‘इन द इंटरेस्ट्स ऑफ’ दोन्ही रूढ आहेत. ब्रिटिश लेखनात अनेकवचन जास्त दिसतं, अमेरिकी लेखनात एकवचन. एका कागदात एकच वापरा. फक्त ‘इन द पब्लिक इंटरेस्ट’ आणि ‘इन द नॅशनल इंटरेस्ट’ यांत एकवचनच ठेवायचं. जनहित, राष्ट्रहित हे शब्द आपणही एकवचनातच ठेवतो.

हाच प्रयोग माणसांऐवजी गोष्टींबरोबरही येतो : ‘इन द इंटरेस्ट ऑफ सेफ्टी’, ‘इन द इंटरेस्ट ऑफ फेअरनेस’. सभेत ‘इन द इंटरेस्ट ऑफ टाइम’ ऐकू येतं, म्हणजे वेळ वाचावा म्हणून. हित बाधित होत असेल तर ‘अगेन्स्ट युअर इंटरेस्ट्स’.

प्रश्न : मी भाषांतराचा अभ्यासक्रम करते आहे. सरावाला ‘ही हॅज ॲन इंटरेस्ट इन द कंपनी’ हे वाक्य आलं. मी ‘त्याला कंपनीत रस आहे’ असं केलं. मैत्रिणीने ‘कंपनीत त्याचा हिस्सा आहे’ असं केलं. कोणाचं बरोबर?

उत्तर : एवढं एकच वाक्य हातात असेल तर दोघींचंही बरोबर. हे वाक्य खरोखरच दोन अर्थांचं आहे, आणि इथे प्रीपोझिशनही आपल्याला सोडवत नाही, कारण रसाच्या आणि हिश्श्याच्या दोन्ही अर्थांना ‘इन’च लागतं. अशा वेळी आजूबाजूला बघायचं. ‘अ 20 पर्सेंट इंटरेस्ट’, ‘अ कंट्रोलिंग इंटरेस्ट’, ‘अ फायनान्शिअल इंटरेस्ट’ यांपैकी काही असेल तर तो हिस्सा. ‘कीन’, ‘डीप’, ‘पासिंग’ असेल तर रस. ‘सोल्ड हिज इंटरेस्ट’ असेल तर प्रश्नच मिटला. रस विकता येत नाही.

कायद्याच्या कागदांत हा अर्थ आणखी रुंद होतो. मालमत्तेच्या दस्तात ‘राइट, टायटल अँड इंटरेस्ट इन द प्रॉपर्टी’ असा तिपेडी प्रयोग येतो. मी तिथे ‘हक्क, मालकी व हितसंबंध’ असं लिहिते. विम्यात ‘इन्शुरेबल इंटरेस्ट’ लागतं : ज्या माणसाचं किंवा वस्तूचं नुकसान झालं तर तुमचंही नुकसान होईल, त्याचाच विमा तुम्ही काढू शकता. इंग्लंडमध्ये परक्या माणसांच्या आयुष्यावर विमे काढून पैज लावल्यासारखा खेळ चालत असे. 1774 च्या कायद्याने आयुर्विम्याला असा हितसंबंध असणं सक्तीचं केलं. आपण वर पाहिलेलं लॅटिन मूळ, ‘त्याच्यामुळे आपल्याला फरक पडणं’, इथे अगदी शुद्ध रूपात जिवंत आहे.

तुझ्या अभ्यासासाठी कर्जकराराच्या धर्तीवर एक वाक्य देते : ‘द बॉरोअर शॅल पे इंटरेस्ट ऑन द लोन, अँड द लेंडर शॅल हॅव अ सिक्युरिटी इंटरेस्ट इन द मशिनरी.’ पहिलं ‘इंटरेस्ट’ व्याज. दुसरं तारणावरचा हक्क, म्हणजे कर्ज बुडालं तर यंत्रसामग्रीवर धनकोचा अधिकार. आता यातलं ‘सिक्युरिटी’ झाकून वाक्य पुन्हा वाच. तरीही ‘ऑन द लोन’ आणि ‘इन द मशिनरी’ एवढ्यावरून, शिवाय दुसऱ्याच्या आधी आलेल्या ‘अ’वरून, दोन्ही अर्थ वेगळे ओळखता येतात. असे कागद हाताळताना मी वहीत नामाच्या आधीचा एक शब्द आणि नंतरचा एक शब्द, असे तीन शब्द एकत्रच टिपून ठेवते. सुटं नाम वहीत लिहिण्याने काहीच हाती लागत नाही. तूही तसं करून बघ. ‘व्हेस्टेड इंटरेस्ट इन’, ‘डिक्लेअर ॲन इंटरेस्ट’, ‘कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट’ हे तुझ्या वहीत पहिल्याच आठवड्यात येतील. शेवटच्याचं अनेकवचन ‘कॉन्फ्लिक्ट्स ऑफ इंटरेस्ट’ असं होतं हेही तिथेच लिहून ठेव.

प्रश्न : ‘डिसइंटरेस्टेड’ आणि ‘अनइंटरेस्टेड’ यांत काही फरक उरला आहे का?

उत्तर : उरला आहे आणि तो जपावा असं मला तळमळीने वाटतं. ‘अनइंटरेस्टेड’मध्ये रसाचा अभाव आहे, ‘डिसइंटरेस्टेड’मध्ये स्वार्थाचा. न्यायाधीश ‘डिसइंटरेस्टेड’ असावा, म्हणजे खटल्यात त्याचा स्वतःचा काही हितसंबंध नसावा. तो ‘अनइंटरेस्टेड’ असेल तर साक्षीपुराव्याकडे त्याचं लक्षच नाही, ही भयंकर गोष्ट होईल. आज बरेच इंग्रजी भाषक ‘डिसइंटरेस्टेड’ हा शब्द ‘रस नसलेला’ या अर्थाने वापरतात आणि शब्दकोशही त्याची नोंद घेतात. सतराव्या शतकात तर हे दोन्ही शब्द नेमक्या उलट अर्थांनीही वापरले गेले आहेत. तरीही औपचारिक लेखनात हा भेद पाळा, कारण ‘निःस्वार्थ तटस्थता’ एका शब्दात सांगणारा दुसरा इतका नेमका शब्द इंग्रजीत सहज सापडत नाही.

प्रीपोझिशन दोन्हींना ‘इन’, पण ‘डिसइंटरेस्टेड’ पुष्कळदा कुठल्याही प्रीपोझिशनशिवाय एकटंच येतं : ‘अ डिसइंटरेस्टेड ऑब्झर्व्हर’.

प्रश्न : ‘ऑफ इंटरेस्ट टू मी’ आणि ‘इंटरेस्ट फॉर मी’ दोन्ही वाचनात आलं. ‘फॉर’ आणि ‘टू’ चालत नाही असं आम्हाला शिकवलं होतं.

उत्तर : ज्या विषयात रस आहे, त्याच्या आधी ते चालत नाही. ज्या माणसाला रस आहे, त्याच्या आधी चालतं. शिकवताना हा अर्धाच नियम सांगितला जातो आणि मग गोंधळ होतो.

‘धिस बुक इज ऑफ इंटरेस्ट टू हिस्टोरिअन्स’ : हे पुस्तक इतिहासकारांना महत्त्वाचं वाटेल. ‘पॉलिटिक्स होल्ड्स नो इंटरेस्ट फॉर हिम’ : राजकारणाचं त्याला आकर्षण नाही. दोन्ही वाक्यांत पुस्तक किंवा राजकारण कर्ता आहे आणि माणूस मागून येतो. ‘इज ऑफ इंटरेस्ट’ असेल तर ‘टू’, ‘होल्ड्स’ किंवा ‘हॅज’ असेल तर ‘फॉर’, एवढं धरून चाला. रस कोणाकडून येतो आहे हे सांगायचं असेल तर ‘फ्रॉम’ : ‘इंटरेस्ट फ्रॉम बायर्स’, म्हणजे खरेदीदारांकडून विचारणा. आणि समूहात पसरलेला रस ‘अमंग’ : ‘इंटरेस्ट अमंग यंग रीडर्स’.

‘आउट ऑफ इंटरेस्ट’ हा छोटा प्रयोगही ठेवून द्या. सहज, कुतूहल म्हणून काही विचारायचं असलं की इंग्रज माणूस ‘जस्ट आउट ऑफ इंटरेस्ट’ म्हणून सुरुवात करतो.

प्रश्न : ‘इंटरेस्ट’च्या उच्चारात तीन अवयव (सिलॅबल) आहेत की दोन?

उत्तर : बहुतेक इंग्रजी भाषक दोनच करतात, ‘इन्-ट्रिस्ट’, आणि जोर पहिल्यावर. मधला स्वर गिळला जातो. तीन अवयव करणारेही आहेत, पण जोर त्यांचाही पहिल्यावरच. ‘इंटरेस्टिंग’ म्हणतानाही जोर ‘रेस्ट’वर नेऊ नका.

प्रश्न : मी घरी बसून इंग्रजी शिकते. खालची वाक्यं मी केली आहेत, दुरुस्त करून द्या. ‘माय डॉटर हॅज इंटरेस्ट अबाउट डान्स’ असं लिहिताना मला शंका आली, बाकीच्यांत आली नाही.

उत्तर : तुम्हाला शंका आली तिथेच चूक होती, हे चांगलं लक्षण आहे. ‘अबाउट’च्या जागी ‘इन’ आणि आधी ‘ॲन’ : ‘माय डॉटर हॅज ॲन इंटरेस्ट इन डान्स’.

‘आय पेड द लोन अँड इट्स इंटरेस्ट’ हे व्याकरणाने ठीक आहे, पण ‘विथ इंटरेस्ट’ केलंत तर ओघ येईल : ‘आय रिपेड द लोन विथ इंटरेस्ट’. ‘शी डिड इट फॉर माय इंटरेस्ट’ म्हणताना तुम्हाला ‘माझ्या भल्यासाठी’ म्हणायचं आहे असं पत्रावरून दिसतं. तिथे इंग्रजीत ‘फॉर माय सेक’ किंवा ‘फॉर माय गुड’ जास्त स्वाभाविक आहे. ‘इन माय इंटरेस्ट’ चालेल, पण घरातल्या माणसाबद्दल ते वकिलाच्या पत्रासारखं वाटतं.

‘द टीचर इंटरेस्टेड अस इन पोएट्री’ हे वाक्य तुम्ही कुठून आणलंत ते लिहिलं नाही, पण ते अगदी निर्दोष आहे. ‘इंटरेस्ट’ इथे क्रियापद झालं आहे, अर्थ ‘गोडी लावली’, आणि क्रियापद झालं तरी त्याने आपलं ‘इन’ सोडलेलं नाही. शेवटचं वाक्य, ‘देअर आर मेनी प्लेसेस ऑफ इंटरेस्ट्स हिअर’, यातला शेवटचा ‘स’ काढा. अनेकवचन ‘प्लेसेस’चं झालेलं आहे, ‘ऑफ इंटरेस्ट’ जसंच्या तसं राहतं.